मळ्यातला चौथा दिवस

पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्या पुढल्या पौषातली ही गोष्ट. साल दोन हजार चोवीस, जानेवारी सरत आलेला. त्या वर्षी थंडी उशिरा आली आणि आली ती ठाण मांडूनच बसली.

रामाकोन्याच्या अलीकडे कन्हान नदी जिथे वळण घेते, तिथल्या गावात अंबाबाईचा पानमळा होता. तिचं लग्न झालं तेव्हा त्या एका गावात अकरा पानमळे होते. सकाळी पानांची टोपली ओल्या फडक्यात बांधून बैलगाडीने निघायची आणि रामाकोन्याहून दुपारच्या रेल्वेने नागपूरला पोचायची. मग एकेकाने वेल उपटले आणि संत्रा लावला. नवरा तुळशीराम गेला, तेव्हा अंबाबाईचा एकच मळा उरला होता. सावली, ओल, पांगाऱ्याच्या काटेरी खांबांवर चढलेले वेल आणि भोवती तुराट्यांचं दाट कुंपण. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत पाय ठेवला की तळव्याला गार माती लागायची.

पंधरा वर्षांची नवी नवरी असताना सासूने तिला डोक्यावरून न्हाऊ घालून, हाताला धरून आत नेलं होतं आणि तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मळ्यात चप्पल घालायची नाही. अडचणीचे तीन दिवस बाईने कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन यायचं. आणि आतल्या जनावराचं नाव घ्यायचं नाही, त्याला मालक म्हणायचं. मळ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात दगडावर कोरलेला नाग होता. वेल नागाचा, मळा नागाचा, माणसं फक्त राखणीला. शुद्ध माणसाला मालक दात लावत नाही.

कुंपणाच्या बाहेर आलं, की मात्र अंबाबाई सगळ्यांची नावं घ्यायची. पाणी देणाऱ्या दांडात बेडकांसाठी तोंड वर काढून बसणारी पाणदिवड. बांधावरच्या उंदरांच्या बिळात अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली पिवळसर धामण. माणसाची चाहूल लागली, की ती सरसर नदीकडे पळायची. पांगाऱ्याच्या फांदीवर हिरव्या दोरीसारखा लोंबणारा हरणटोळ. तो टाळूवर चोच मारतो म्हणून बाया डोक्यावर पदर घट्ट ओढून घ्यायच्या आणि अंबाबाई हसायची. "त्याचं तोंड पाह्य केवढं, तुही टाळू पाह्य केवढी!" एकाच जनावराबद्दल ती हसत नसे. ते म्हणजे परड, ज्याला पुस्तकात घोणस म्हणतात. अंगाने जाड, शेपटीने आखूड, पाठीवर तपकिरी टिकल्यांच्या तीन साखळ्या. धामण पळते. परड पळत नाही. वाळक्या पानांत वेटोळं घालून पडून राहते, कारण तिला वाटतं आपण कोणाला दिसतच नाही.

सोमवारी दुपारी सून स्मिता भाकरी घेऊन मळ्याकडे आली आणि कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली बसली. तिचा पहिला दिवस होता. ती लोधीखेड्याची, बारावी झालेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, चंचल नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, तरी सासूसमोर तिचा आवाज अजून अर्धाच निघायचा. लिंबाच्या खुंट्याला गमबुटांचा एक जोड टांगलेला होता. संत्र्यावर फवारणी करायला नवऱ्याने, गुणवंताने आणलेला. तीन वर्षांपूर्वी स्मिताने एकदाच विचारलं होतं, "आत्याबाई, हे घालून आत गेलं तर?" मजूर बायांच्या देखत अंबाबाईने सुनेच्या हातातून बूट घेतले आणि तिथे टांगून ठेवले. ते तेव्हापासून तिथेच होते.

अंबाबाई हात धुऊन जेवायला बाहेर आली तेव्हा स्मिता उठून उभी होती.

"आत्याबाई, आता एक आत गेलं. कुंपणाखालून. परड होय."

"नाव नको घेऊ."

"आपण बाहेर आहो ना. जाडच्या जाड व्हतं. चौथ्या-पाचव्या ओळीकडं गेलं."

अंबाबाईने भाकरी मोडली. "उन्हाले निघालं असन. थंडीचे दिवस आहेत, त्याइलेही ऊन लागते. निजू दे."

"बायाइले सांगून ठेवा म्हणलं."

"सांगितलं तर उद्या एक तरी येईन का कामाले?" मग ती म्हणाली, "तीस-चाळीस वर्षं झाली, स्मिते. या मळ्यात कोणाले काही झालं नाई. जेव तू."

त्या आठवड्यात वेल उतरवायचं काम चाललं होतं. वर्षभर खांबावर चढलेला वेल हलक्या हाताने सोडायचा, जमिनीवर आणायचा, खांबाच्या बुडाशी त्याचं वेटोळं घालायचं, त्यावर ओली माती आणि शेणखत लोटायचं आणि शेंडा पुन्हा खांबाला बांधायचा. वेटोळं मातीआड झालं, की वेलाला नवी मुळं फुटतात. एकदा सोडलेला वेल उघडा राहिला, तर एका उन्हात मान टाकतो. मंगळवारी चार बायांनी सहा ओळींचे वेल सोडून निजवले, ते ओल्या गोणपाटांनी झाकले. आणि बुधवारी सकाळी चौघींपैकी एकटी उषाबाई आली.

"बाकीच्या कुठं?" अंबाबाईने विचारलं.

"संत्रा तोडाले. पहाटेच टरक आला व्हता बाप्पा. तिथं बाया बूट घालून, टोप्या घालून फोटो काढून राहिल्या म्हन्ते. आन आपण अथी टाचा फोडून राहिलो." उषाबाईने पाय उचलून टाच दाखवली. "पाह्य काकू, माह्या टाचेत तुमचा अर्धा मळा आहे."

गुणवंता आदल्या दिवशी खुडलेली पानं घेऊन मोटारसायकलने पांढुर्ण्याला गेला होता, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. चंचल शाळेत. सहा ओळी जमिनीवर निजलेल्या, ऊन चढत चाललेलं. अंबाबाईने एक ओळ केली. कंबर धरली. तुळशीरामच्या हातचे वेल होते ते. तिने दोनदा घराकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं, तेव्हा ती चालायला लागलेली होती.

स्मिता अंगणात चंचलचे कपडे धूत होती.

"डोक्यावरून पाणी घे," अंबाबाई म्हणाली.

स्मिताला आधी कळलं नाही. मग कळलं. "आत्याबाई, आज तिसरा…"

"मले मोजता येते. वेल मरून राहिले तिकडं. घे पाणी."

थंडगार पाण्याने स्मिता न्हाली. ओले केस तसेच गुंडाळून सासूच्या मागे निघाली. कुंपणाशी आली आणि तिने चप्पल काढली. बुटांकडे पाहिलं असेल, नसेलही. अंबाबाई पुढे होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

उषाबाईने कंबर ताठ केली. "अरे! स्मिता सोमवारी बाहेर बसली व्हती ना? चौथा व्हय का आज?"

"हाव. चौथा. न्हाली थे सकाळी," अंबाबाई म्हणाली.

स्मिता खाली वाकली आणि वेलाला हात घातला.

तिघींनी भरभर काम केलं. अंबाबाई वेल उचलून द्यायची, स्मिता वेटोळं घालायची, उषाबाई माती लोटायची. उषाबाईचं तोंड चालूच होतं. पोराने, चेतनने, नवा ऑटो घेतला आणि देवापेक्षा त्यालाच जास्त हार घालतो, असं काहीतरी. तिसरी ओळ संपली, चौथी लागली. खांबाभोवती वेटोळं घालता घालता स्मिताने एक पाऊल मागे टाकलं. वाळक्या पानांचा ढीग होता तिथे.

'स्स्' असा लांब आवाज झाला, शिट्टी यायच्या आधी कुकर करतो तसा.

"पाइप फुटला का वं?" अंबाबाईने दांडाकडे पाहत विचारलं.

मग स्मिता म्हणाली, "नाई. काटा रुतला. पांगाऱ्याचा."

ती खाली बसली होती, पाठमोरी. पदराची चिंधी फाडून पायाला बांधत होती.

"काढून टाक, आत नको राहू देऊ," अंबाबाई म्हणाली आणि पुढचा वेल उचलला. रोज कोणाच्या तरी पायात काटा जातोच. तिच्या स्वतःच्या पायात किती मोडले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला होता?

तेव्हा दहा वाजले असतील. स्मिताने चौथी ओळ पुरी केली. पाचवी निम्मी केली. ती बसूनच सरकत होती आणि उषाबाईने त्यावरही विनोद केला, की शिकलेली सून कशी आरामात काम करते. स्मिता हसली. दांडावर पाणी प्यायला म्हणून गेली, तिथे ओकली. परत आली तेव्हा ओठ पांढरे होते. "उपाशी आहे," म्हणाली. साडेबाराला सहावी ओळ मातीआड झाली. अंबाबाईने दोन्ही हात जोडून नागाच्या दगडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाचले बाप्पा वेल. चाल स्मिते, उठ."

स्मिता उठली नाही.

अंबाबाईने तिच्या पायाची चिंधी सोडली. पाय घोट्याच्या वरपर्यंत भोपळ्यासारखा फुगला होता, कातडी निळी-काळी, तणतणलेली. करंगळीच्या मागे दोन भोकं होती, एका बोटाच्या अंतरावर, आणि त्यांतून पातळ रक्त अजून येतच होतं. अडीच तास झाले होते.

"हा काटा व्हय?" अंबाबाईचा आवाज फुटला. "काऊन नाई सांगितलं वं? काऊन?"

स्मिताने उषाबाईकडे पाहिलं. उषाबाई चेतनला फोन लावत कुंपणाकडे धावत होती. ती लांब गेल्यावर स्मिता हळूच म्हणाली, "तुम्ही चौथा सांगितला ना तिले."

ऑटो खड्ड्यांतून उडत सौंसरकडे निघाला. स्मिताचं डोकं अंबाबाईच्या मांडीवर होतं. ती बोलली तेव्हा दातांच्या कडेला रक्त दिसलं. अंबाबाईने पदराने पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. ते थांबत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या दंडातून थोडं रक्त काढून काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं थांबायचं होतं. तोवर त्यांनी विचारलं, "किती वाजता चावला?"

"दहा," स्मिता म्हणाली.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, सव्वा वाजून गेला होता. "मग इतका वेळ कुठे होता तुम्ही?"

अंबाबाईने पदराने पुन्हा स्मिताचे ओठ पुसले. वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. अंबाबाईला डॉक्टरकी कळत नव्हती. पण चाळीस वर्षं तिने दूध विरजलं होतं. जे जमायला हवं ते जमलेलं नाही, एवढं तिला दिसलं. सुया दिल्या, सलाइन लावलं आणि संध्याकाळी नागपूरला न्यायला सांगितलं. मूत्रपिंडं बसत चालली होती.

नागपूरला स्मिता नऊ दिवस होती. गुणवंता बाहेरच्या फरशीवर बसून राहायचा. तो आईला एकदाच म्हणाला, "माय, थे म्हणली काटा, आन तू मानलंस? तुले तर पाय पाहून समजते." एक दिवसाआड मशीनने रक्त धुवायचे. स्मिताचा चेहरा सुजून दुसऱ्याच कोणाचा तरी झाला होता. सातव्या दिवशी ती जरा शुद्धीवर आली. अंबाबाई आत होती.

"चंचल?"

"तुह्या मायजवळ आहे. वेण्या घालून जाते शाळेत."

स्मिता म्हणाली, "वेल जगले?"

"जगले."

"आत्याबाई, कोणी विचारलं तर चौथाच सांगजा."

"काऊन वं पोरी? मी सांगतो सगळ्याइले, मीच नेलं तुले. माह्या तोंडावर थुंकू दे लोकाइले."

"तुम्हाले नाई थुंकत कोणी." तिला दम लागत होता. "तिसरा म्हणलं का, माह्यावरच येते. इचा इटाळ व्हता म्हणून चावला म्हणतीन. माह्या मायले आयुष्यभर ऐकाव लागन. आन चंचलले. तिलेही उद्या बसाच आहे ना बाहेर."

दोन दिवसांनी पहाटे ती गेली.

तेरवीला गावातल्या बाया अंगणात जेवायला बसल्या होत्या. स्मिताची आई ओट्याच्या कडेला बसली होती, चंचलला मांडीशी घेऊन. तेरा दिवसांत ती एकदाही मोठ्याने रडली नव्हती. नात्यातल्या एका म्हाताऱ्या जावेने वरणाची वाटी पुढे ओढली आणि कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "मालक उगाच कोणाले दात नाई लावत, बाप्पा. काही तरी झालं असन. आजकालच्या पोरी दिवस मोजते कुठं?"

दोघीतिघींनी माना हलवल्या. स्मिताच्या आईचा हात चंचलच्या केसांवर फिरता फिरता थांबला.

अंबाबाई वाढत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "उठा," ती म्हणाली.

"जेवू तं दे…"

"उठा सगळ्या. मळ्यात चाला माह्या संगं."

तिच्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक, उष्ट्या हातांनी बाया उठल्या. कुंपणाशी सगळ्यांनी चपला काढल्या. नव्या मातीतून वेलांचे शेंडे खांबाला लागले होते, कोवळी पानं फुटली होती. अंबाबाई थेट उगवतीच्या कोपऱ्यात गेली, गुडघ्यांवर बसली आणि नागाच्या दगडावर उजवा तळवा ठेवला. या दगडावर हात ठेवून खोटं बोललेलं माणूस त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. तुळशीरामच्या भावाभावांची वाटणीसुद्धा याच दगडावर मिटली होती.

"चौथा दिवस व्हता," अंबाबाई म्हणाली. "डोक्यावरून न्हाऊन आली व्हती माही सून. माह्यापेक्षा सोवळी व्हती. मी खोटं बोलत असन, तर मालकानं मले अथीच दात लावावा."

सगळ्या बायांचे डोळे अंबाबाईच्या अनवाणी पायांशी, वाळक्या पानांवर. एक पान वाऱ्याने उलटलं, तशी एक बाई दचकून मागे सरली. अंबाबाईने हात काढला नाही. आपल्या डोळ्यांसमोर आपली सासू, तिची सासू, कुंपणाच्या आत चपलेशिवाय जगलेल्या साऱ्या बाया रांगेत उभ्या आहेत असं तिला वाटलं. तिने हात काढला नाही.

काही झालं नाही. मागे स्मिताची आई खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी मळ्यात कामाला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी उषाबाई आली, ती कुंपणाबाहेरच उभी राहिली.

"काकू, रागावू नोको. न्हालेल्या, सोवळ्या बाईलेही चावते म्हटल्यावर मंग आता कायच्या भरोशावर आत याचं? मले बूट घालू देसान तं येतो."

"घाल," अंबाबाई म्हणाली.

काकू स्वतःच बूट घाल म्हणते म्हटल्यावर उषाबाईला जास्तच भीती वाटली. ती बूट न घालताच घरी गेली.

वैशाखापर्यंत अंबाबाईने एकटीने पाणी दिलं. ओळीमागून ओळ सुकली. ज्या सहा ओळी त्या बुधवारी मातीआड केल्या होत्या, त्या शेवटपर्यंत हिरव्या राहिल्या. जेठात पहिला शिडकावा झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी अंबाबाई चौथ्या ओळीत बसली होती. वाळक्या पानांतून करंगळीएवढं जाड एक पिल्लू निघालं. मग दुसरं. मग कितीतरी. परड अंडी घालत नाही, पोटातून जिवंत पिल्लं देते आणि त्यांच्या दातांत पहिल्या दिवसापासून विष असतं, हे तिला ठाऊक होतं. एवढीशी पाठ, पण साखळीची एकेक टिकली जिथल्या तिथे. गुणवंता माघात काठी घेऊन जिला चार दिवस शोधत होता, ती तेव्हा पोटुशी होती तर.

एक पिल्लू तिच्या उजव्या पायाकडे आलं. अंबाबाईने पाय हलवला नाही. मनात म्हणाली, ये, इतके दिवस लावले. ते तिच्या पावलावर चढलं. गार, जरासं खरखरीत. अंगठ्याजवळ थांबलं, जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि पलीकडे उतरून मातीत गेलं.

गुणवंताने त्या दिवाळीनंतर मळा मोडला आणि तिथे संत्रा लावला. त्याने दुसरं लग्न केलं नाही. उषाबाई सौंसरकडच्या बगीच्यांत संत्रा तोडायला जाते, बूट घालते आणि टाचा बऱ्या झाल्या म्हणून सांगते. चेतनचा ऑटो मळ्याजवळच्या वळणावर आला, की तो गाणं बंद करतो. स्मिताची आई दर नागपंचमीला यायची ती यायची थांबली, पण आषाढात आखाडीच्या सणाला चंचलला न्यायला येते आणि अंबाबाईच्या पाया पडते. त्या वेळी अंबाबाई पाय मागे ओढून घेते. चंचल आता सहावीत आहे. तिला लहान मापाचे गमबूट आजीनेच आणून दिले. त्याशिवाय वावरात पाय ठेवायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. वयात आल्यावर तुला बाहेर बसायचं नाही, हेही आजीने तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे.

नागाचा दगड संत्र्याच्या झाडांत तसाच आहे. अंबाबाई रोज सकाळी तिथे जाते, अनवाणी. गुणवंता ओरडतो, ती ऐकत नाही. वाळक्या पानांतून मुद्दाम पाय घासत चालते. धामण दिसते, सरसर नदीकडे जाते. परड दिसते, पडून राहते. अंबाबाई तिच्याजवळ थांबते, थोडा वेळ उभी राहते आणि घरी येऊन पाय धुते. एकदा उजवा, एकदा डावा, नीट निरखून. तिला अजून कोणी दात लावलेला नाही.